बंधाऱ्याचे टोक

“या खोलीत कुणी झोपतं का, काकी?”

विचारणारी मुलगी गुडघ्यावर बसून आमच्या एक नंबरच्या खोलीच्या जोत्याखाली वाकून पाहत होती. जोत्याखालची वाळू समुद्राने इतकी ओढून नेली होती, की तिचा हात कोपरापर्यंत आत गेला.

“परवापर्यंत झोपत होते,” मी म्हटले. “पुण्याचं जोडपं होतं. लाटांचा आवाज अगदी उशीखाली येतो म्हणून खूश होतं.”

“उशीखालीच येतोय तो.” ती हात झटकत उभी राहिली. “आजपासून कुलूप लावा.”

मला हुकूम सोडायची सवय आहे, ऐकायची नाही. तरीही मी कमरेचा जुडगा काढून खोलीला कुलूप घातले, कारण ती खरे बोलत होती हे मला जोते पाहूनच कळले होते.

तिचे नाव अनघा देवस्थळी. भूशास्त्र शिकलेली, किनाऱ्याची धूप पाहायला सरकारी खात्याने पाठवलेली, वयाने माझ्या सुनेएवढी. माझा मुलगा दिगंबर तिच्या मागे हाताची घडी घालून उभा होता. रिसॉर्ट त्याने उभे केलेले, जमीन माझ्या नावावर, आणि माडवेळ गावात शब्दही तोडणकरांच्या घरचा, म्हणजे माझा चालत असे. ही बढाई नव्हे. त्या काळी तसे होते, म्हणून सांगते.

“आता बंधारा होणार आहे,” दिगंबर म्हणाला. “मंजूर झालाय. देवळापासून आमच्या उत्तरेच्या गडग्यापर्यंत, मोठमोठ्या दगडांचा. पावसाच्या आधी काम संपेल. मग प्रश्न मिटला.”

“तुमचा मिटेल,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

ती थेट उत्तर न देता मला म्हणाली, “काकी, या पुळणीच्या मागे पूर्वी वाळूचा उंच बांध होता ना? केवड्याचा?”

“होता. आठही आगरांच्या पुढ्यात होता.”

“तो समुद्राचा साठा होता. पावसाळ्यात समुद्र त्यातली वाळू न्यायचा आणि पाऊस सरला की सावकाश परत आणून टाकायचा. तुम्ही सगळ्यांनी तो सपाट केलात. आता न्यायला बांधाची वाळू नाही, म्हणून तो जोत्याखालची नेतोय.”

“खोलीतून समुद्र दिसायला नको?” दिगंबर म्हणाला. “माणसं समुद्र बघायलाच येतात, मॅडम. केवडा बघायला पुण्याहून कोण येणार?”

ती हसली नाही, रागावलीही नाही. तिने नुसते गडग्यापलीकडे पाहिले. गडगा म्हणजे आमच्या आणि शेजारच्या माडांच्या आगरामधली रचलेल्या दगडांची बुटकी भिंत. तिच्या पलीकडे वाळूचा तो जुना बांध जसाच्या तसा उभा होता, वर केवड्याची दाटी, उतारावर मर्यादवेलीची जांभळी फुले.

“ते कुणाचं?”

“जनार्दन मयेकराचं,” दिगंबर म्हणाला. “गावातलं शेवटचं आगर. तिथं रिसॉर्ट नाही, काहीच नाही. तो काही करत नाही आणि दुसऱ्याला करू देत नाही.”

जनार्दन मयेकर आणि आमचे घर यांच्यात कित्येक वर्षे बोलणे नव्हते. गडग्यावर वाकलेल्या एका माडावरून भांडण सुरू झाले आणि खटला चिपळूणपर्यंत गेला. पुढे माड वीज पडून मेला, खटला मात्र राहिला. माझे यजमान गेले तेव्हा जनार्दन खांदा द्यायला आला, खांदा देऊन गेला, आणि तेराव्यानंतर पुन्हा अबोला सुरू झाला. मला त्याला काही सुनवायचे असले की मी गडग्याशी उभी राहून आमच्या गाईला सांगत असे, “कपिले, काही माणसांना झावळ्या दुसऱ्याच्या अंगणात टाकायची हौस असते गो.” तो त्याच्या कुत्र्याला सांगत असे, “मोत्या, कान नको देऊ. श्रीमंतांच्या गाईंना फार बोलून दाखवावं लागतं.” या पद्धतीने आमचा सगळा व्यवहार व्यवस्थित चालत असे.

“बंधारा लाटेला थांबवत नाही,” ती मुलगी सांगत होती. “बाजूला ढकलतो. त्याच्या मागे असेल तो वाचतो. जिथं तो संपतो तिथं समुद्र दुप्पट खातो. शिवाय इथली वाळू दक्षिणेकडून उत्तरेला सरकते. बंधाऱ्यामुळे तीही पुढं पोचणार नाही. बंधारा या गडग्याशी संपला, तर हा केवड्याचा बांध दोन-तीन पावसाळ्यांत जाईल.”

“मग बंधारा पुढं न्या,” मी म्हटले.

“पुढं खाडीचं मुख आहे. तिथं दगड टिकणार नाहीत.”

“मग मयेकरानं मागं सरकावं.”

“कुठं सरकणार? तुमचं आगर रस्त्यापर्यंत लांब आहे. त्यांच्या मागं खाडी आहे, पुढं समुद्र. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात घर आहे, आणि त्या घराला राखणारा तो एकच बांध आहे.”

दिगंबर जरा चढ्या आवाजात म्हणाला, “आणि बंधारा आमच्या दक्षिणेच्या कुंपणाशी संपला, तर?”

“तर टोक तुमच्या वाट्याला येईल. पुढच्या खोल्या जातील. माडांची पहिली रांग बहुधा जाईल.”

“म्हणजे आम्ही मरायचं.”

“तुम्ही मागं सरायचं,” ती म्हणाली. “मी कुठं संपवा ते सांगायला आले नाही. कुठं संपवला तर काय होईल एवढंच सांगते. ठरवायचं गावानं.”

मी तिला जेवायला थांबवून घेतले. माझ्या घरून दुपारच्या वेळी कुणी उपाशी जात नाही. तिने जेवताना समुद्राचा विषय काढला नाही, सोलकढी मात्र दोनदा मागून घेतली.

ग्रामसभेत व्हायचे तेच झाले. सगळे रिसॉर्टवाले एका बाजूला आणि जनार्दन एकटा दुसऱ्या बाजूला. तो उभा राहिला, धोतराचा सोगा खांद्यावर टाकला आणि म्हणाला, “मला बंधाऱ्याचं वावडं नाही. तुमच्या खोल्या तुम्ही वाचवा. पण मी वाळूला हात लावला नाही, मग माझं घर का जावं, एवढं कुणीतरी मला समजावून सांगा. मी समजून घेईन.”

कुणी समजावले नाही. देवळालगतच्या पहिल्या रिसॉर्टचा मालक नंदू खातू म्हणाला, “दरवेळी आडवा येतोस, जनूभाऊ. गाव एकीकडे आणि तू एकीकडे.”

“गावाच्या टोकाला राहतो बाबा. तिथून एकीकडेच दिसणार.”

हशा पिकला, पण निर्णय झाला नाही. सगळ्यांच्या सह्या असल्याखेरीज काम सुरू होणार नव्हते. शेवटी सरपंच म्हणाले, देवीला कौल लावू. आमच्या गावात ज्याचा निवाडा माणसांना होत नाही तो असा होतो. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या फुलाची एकेक पाकळी चिकटवतो, गाऱ्हाणे घालून प्रश्न विचारला जातो, आणि मग सगळ्यांनी वाट पाहायची. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्यावर अपील नाही.

जनार्दन म्हणाला, “देवी सांगेल ते मान्य.”

गाऱ्हाणे घालायचा मान आमच्या घराचा. यजमान असताना ते घालत, आता दिगंबर घाले. त्या सकाळी तो सोवळे नेसून निघाला तेव्हा मी त्याच्या कपाळाला गंध लावले.

“आई, कौल डावा आला तर?”

“आला तर आला. तू गडबडू नकोस. शब्द स्पष्ट उच्चार.”

“तुला काय वाटतं?”

“मला वाटतं, बंधारा गडग्यापर्यंत यावा,” मी म्हटले, आणि ते खरे होते. त्या खोल्यांचा प्रत्येक चिरा माझ्यासमोर रचला गेला होता. मुलाने मुंबईची नोकरी सोडून गावात उभे केलेले ते काम होते. मयेकराच्या घराचा विचार माझ्या मनात येत नव्हता असे नाही. पण माझ्या घरासमोर तो विचार मला लहान वाटत होता.

देवळात सगळे गाव जमले. बायका एका बाजूला बसतात, पण मला गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी जागा असे. नामदेव गुरवाने देवीला स्नान घातले, शेंदूर लावला आणि दोन पाकळ्या चिकटवल्या. दिगंबरने हात जोडले. त्याचा आवाज त्याच्या वडिलांसारखा भरदार आहे.

“बाय माझे, बारा पाचांचे देवी, आज हा गाव तुझ्या पायाशी आला आहे. दर्या दारात आला. त्याला बांध घालायचा आहे तो देवळापासून तोडणकरांच्या गडग्यापर्यंत. त्यास तुझी परवानगी असेल तर उजवा दे, नसेल तर डावा दे. चुकलंमाकलं पदरात घे.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

मग शांतता. समईच्या वाती हलत होत्या. कुणाचे तरी मूल खोकले. नामदेव डोळे मिटून उभा होता. बराच वेळ काही झाले नाही, आणि मग उजव्या खांद्यावरची पाकळी सरकली, क्षणभर देवीच्या दंडाशी अडकली आणि खाली पडली.

देवळात एकदम श्वास सुटला. सरपंचांनी घंटा वाजवली. दिगंबरने वळून माझ्याकडे पाहिले. त्याचे डोळे भरून आले होते, आणि त्यात मला त्याचे लहानपण दिसले, हेही मी नाकारत नाही.

जनार्दन पुढे आला. त्याने देवीसमोर डोके टेकले, अंगारा लावला आणि म्हणाला, “मान्य.” तेवढेच. मग तो खांबाशी उभ्या असलेल्या नामदेवाकडे गेला. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आले. तो हळू आवाजात विचारत होता, “घर हलवायचं तर चांगला दिवस कधी आहे, ते पंचांगात बघून ठेवशील काय? घाई नाही. बायकोला सांगायला मला दोन-चार दिवस लागतील.”

“कुठं जाणार?” नामदेवाने विचारले.

“ते अजून देवीनं सांगितलं नाही,” जनार्दन म्हणाला आणि चपला शोधायला गेला.

सभामंडपात नंदू खातू सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलत होता. “बघा, कसं सुटलं. आता उद्या त्याचं घर गेलं, तरी आपल्याकडे कुणी बोट दाखवायला नको. आपण थोडंच केलं? देवीनं केलं. होय की नाही, काकी?”

दोघे-तिघे “खरं, खरं” म्हणाले. दिगंबरही म्हणाला. नामदेवाने नारळ हातात घेतला.

“नामदेव,” मी म्हटले, “नारळ थांबव.”

त्याने हात वर उचलला होता, तो तसाच राहिला.

“देवीनं काय सांगितलं, सरपंच?”

सरपंच गोंधळले. “बंधारा गडग्यापर्यंत न्यावा असं, काकी. आपण सगळ्यांनी बघितलं.”

“नाही. दिगंबरनं परवानगी मागितली, ती देवीनं दिली. परवानगी दिली, हुकूम नाही दिला. ज्याला मिळाली त्यानं ती वापरलीच पाहिजे असं नाही.”

“काकी, कौल मोडता येत नाही,” नंदू म्हणाला.

“मी मोडत नाही. पंगतीत वाढपी आग्रह करतो म्हणून दुसरा लाडू घेतलाच पाहिजे, असं असतं काय? मला वाढलाय, मी नको म्हणते. जमीन माझ्या नावावर आहे आणि तिच्या पुढ्यात दगड टाकायला माझी सही लागते. ती मी देणार नाही. बंधारा माझ्या दक्षिणेच्या कुंपणाशी संपेल.”

देवळात इतके शांत झाले, की बाहेर चपला घालणारा जनार्दन दारात येऊन उभा राहिला. त्याला काय झाले ते कळले नव्हते. कुणी त्याला सांगितलेही नाही.

“आई,” दिगंबर म्हणाला, “घरी बोलू.”

“घरी बोलू. पण ठरलं ते इथं ठरलं. नामदेव, आता फोड.”

घरी तो बोलला. सोवळे न सोडताच ओटीवर येरझाऱ्या घालत बोलला. मी पायरीवर बसून ऐकले. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

“तो माणूस आपल्याशी बोलत नाही. बाबांना त्यानं कोर्टात उभं केलं. त्याच्यासाठी?”

“त्याच्यासाठी नाही.”

“मग कुणासाठी?”

मला स्वतःलाही ते शब्दांत मांडावे लागत होते. “दिगू, या हातांनी कुणाचं वाईट झालंच नसेल, असं मी म्हणत नाही. सासूशी मी कडक वागले, कुळांशी वागले, तुझ्याशीही वागले. पण जे केलं ते माझ्या नावानं केलं. आज नंदू म्हणाला, आपण नाही केलं, देवीनं केलं, आणि तूही खरं म्हणालास. त्या मयेकराचं घर बुडवायचंच असतं, तर मी गडग्याशी उभी राहून त्याला तोंडावर सांगितलं असतं, की बाबा, माझ्या खोल्या वाचवायला तुझं घर जातंय. ते सांगायला माझी जीभ उचलली नाही. जे तोंडावर सांगता येत नाही, ते देवीकडून सांगवून घ्यायचं, हे आपल्या घरात नाही.”

तो थांबला. “म्हणजे आता माझं वाईट केलंस तेही तुझ्या नावानं.”

“हो,” मी म्हटले. “तेही.”

तो आत गेला आणि त्याने दार लावून घेतले.

बंधारा आमच्या दक्षिणेच्या कुंपणाशी संपला. पावसाआधी मी पुढच्या तिन्ही खोल्या उतरवायला घेतल्या. समुद्राने न्यायच्या आधी कौले, वासे आणि चिरे तरी वाचवावेत, एवढाच हिशेब होता. दिगंबर त्या कामाला आला नाही. मी चार गडी लावले आणि स्वतः खुर्ची टाकून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जनार्दन गडगा ओलांडून आला. मागे त्याचे दोन मुलगे होते. तो सरळ एका वाशाच्या टोकाशी उभा राहिला.

“कपिले,” मी गोठ्याच्या दिशेने म्हटले, “बोलावल्याशिवाय आलेल्यांना मजुरी मिळत नाही, सांगून ठेव.”

“वहिनी,” तो म्हणाला, “गाय चरायला गेली आहे. काय ते मला सांगा.”

इतक्या वर्षांत त्याने मला वहिनी म्हटले नव्हते. मी पदर सारखा केला.

“वासा उजवीकडून धरा, भावोजी. डावीकडून कुजलेला आहे.”

“तुमच्या घरचा वासा, तुम्हालाच ठाऊक,” तो म्हणाला आणि उजवीकडून धरला. दुपारी त्याच्या बायकोने सगळ्यांना पुरेल एवढी मऊ भाताची खिमटी पाठवली. मीठ कमी होते. मी तसे सांगितले. तिने दुसऱ्या दिवशी जास्त घातले.

त्या पावसाळ्यात जोती गेली. पुढच्या पावसाळ्यात माडांची पहिली रांग गेली, आणि नंतर दुसरीतले निम्मे. एकेक माड मुळासकट आडवा होत असे आणि शेंडा पाण्यात लोळत असे. मी रोज संध्याकाळी जाऊन पाहत असे, कारण जे माझ्या सहीने जात होते त्याच्याकडे पाठ फिरवणे मला शोभले नसते. पलीकडे जनार्दनाचा बांधही खचला, पण संपूर्ण गेला नाही. केवड्याने धरून ठेवले तेवढे राहिले. घर वाचले.

दिगंबर माझ्याशी कामापुरते बोले. जेवण वाढले, औषध आणले, तालुक्याला जाऊन येतो, एवढेच. खोल्या त्याने रस्त्याच्या बाजूला नव्याने बांधल्या. पाहुणे विचारत, समुद्र कुठे दिसतो? तो सांगे, दिसत नाही, चालत जावे लागते. ते सांगताना त्याच्या आवाजात जे असे ते मी ओळखत असे, आणि मी ते ऐकून घेत असे. शेजाऱ्याशी अबोला संपला होता आणि घरात मुलाशी सुरू झाला होता. हा सौदा मीच केला होता, त्यामुळे त्याबद्दल कुणाकडे तक्रार करायची सोय नव्हती.

अशी बरीच वर्षे गेली. माझे गुडघे गेले, मी पुळणीवर जायची बंद झाले. जमीन मी दिगंबरच्या नावावर करून दिली, कागद त्याच्या हातात ठेवले आणि म्हटले, आता तुझे तू बघ. त्याच वर्षी बंधाऱ्याच्या दुरुस्तीचे काम निघाले. साहेब लोक आले, टेप लावून मोजून गेले. नंदू खातूचा मुलगा दुपारभर आमच्या ओटीवर बसून दिगंबरला काहीतरी समजावत होता. मी आत पडून होते. मला सगळे शब्द ऐकू येत नव्हते, आणि उठून विचारायचे नाही असे मी ठरवले होते. अधिकार दिला की दिला.

संध्याकाळी मी ओटीवर येऊन बसले, तेव्हा जनार्दन काठी टेकत आला. त्यालाही आता चालवत नव्हते. पायरीवर बसून धापा टाकत म्हणाला, “वहिनी, तुम्हाला कळलं काय? या खेपेला बंधारा गडग्यापर्यंत वाढवून द्यायला तयार होते. फुकटात. वरून आदेश आहे.”

मी विचारले, “मग?”

“तुमच्या मुलाला विचारा.”

दिगंबर आत दिवा लावत होता. तो बाहेर आला, जनार्दनाला पाणी दिले आणि खुर्ची ओढून बसला. मी विचारायचे नाही असे ठरवले होते, तरी विचारले.

“काय सांगितलंस त्यांना?”

“नको म्हटलं.”

“कौल लावायला निघाले असतील.”

“निघाले होते. नंदूचा मुलगा म्हणाला, देवीला विचारू.” तो जनार्दनाच्या हातातले रिकामे भांडे घेऊन उठला. “मी म्हटलं, तिला कशाला मध्ये घेता? मला नको आहे, म्हणून नको.”

तो आत गेला. भांडे विसळल्याचा आवाज आला. मग आतूनच त्याने विचारले, “आई, जेवायला इथंच वाढू, की आत येतेस? मी पण बसतोय.”

“येते,” मी म्हटले आणि उठण्यासाठी जनार्दनाकडे काठी मागितली.